आजीच्या पाया पडणारे फादर

चिरंजीव कन्येस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. साळगावच्या सेमिनरीत आमच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर माझे वर्गमित्र म्हापशाला आपल्या घरी जेवायला आले, त्यांच्यातल्या फादरांनीसुद्धा आजीच्या पाया पडून आशीर्वाद मागितला, आणि जेवायला बसण्यापूर्वी एकाने उभे राहून गेलेल्या मित्रांची नावे वाचली, हे सारे तू पाहिलेस. तू विचारतेस की, ज्यांच्यापुढे गाव हात जोडते ते आजीपुढे का वाकले. बाबा पाद्री झाले नाहीत, तरी हे लोक त्यांना आपल्यातले का मानतात. आणि मृतांची नावे वाचण्याची ही रीत मराठी की ख्रिस्ती. फोनवर दोन वाक्यांत उरकावेत असे हे प्रश्न नाहीत, म्हणून मस्कतहून हे पत्र लिहितो आहे.

पाद्री होऊ इच्छिणारा गोव्यातला मुलगा आधी साळगावच्या धाकट्या सेमिनरीत येतो आणि तिथून सासष्टीतल्या राशोलच्या मोठ्या सेमिनरीत जातो. राशोलला तत्त्वज्ञानाची तीन वर्षे, मग काही काळ प्रत्यक्ष कामाचा अनुभव, आणि त्यानंतर ईशज्ञानाची चार वर्षे असा तो लांबचा प्रवास असतो. घंटेबरोबर उठणे, एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण, रात्रीचे सक्तीचे मौन, संध्याकाळचा फुटबॉल, आजारी पडल्यास शेजारच्या खाटेवरच्या मुलाने आणून दिलेली पेज, असे दिवस ज्यांनी वर्षानुवर्षे एकत्र काढले त्यांचे नाते शाळेतल्या सोबत्यांसारखे राहत नाही. ते भावंडांच्या जवळचे होते.

या वाटेने निघालेले सगळेच शेवटापर्यंत पोहोचत नाहीत. कुणाला आपला ओढा संसाराकडे आहे हे उमगते, कुणाचे वडील अकाली जातात आणि धाकट्या भावंडांना पोसायला दुसरे कुणी नसते, तर कुणाला वडीलधारे पाद्रीच प्रेमाने सांगतात की, ही वाट तुझी नव्हे. मी तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुरा केला आणि पुष्कळ प्रार्थनेनंतर, पुष्कळ विचारविनिमयानंतर बाहेर पडलो. तो निर्णय योग्य होता, आणि तुझ्याकडे पाहिले की मला त्याविषयी तिळमात्र शंका उरत नाही. परंतु सोडून जाणाऱ्याला निरोप असा काही नसतो. जुन्या काळी, केवळ गोव्यातच नव्हे, अनेक देशांतल्या सेमिनऱ्यांत असा मुलगा कुणाला न भेटता निघून जाई, आणि दुसऱ्या दिवशी चॅपेलमधली त्याची जागा रिकामी दिसली की इतरांना कळे. आमच्या वेळी इतके कडक काही नव्हते; तरी मी सुट्टीत घरी आलो तो परत गेलोच नाही, आणि ज्यांच्याबरोबर वाढलो त्यांना 'येतो' म्हणायचे राहून गेले. आमच्या बॅचमधल्या जवळजवळ प्रत्येक बाहेर पडलेल्याचे असेच झाले. पुढे पहिल्या काही मित्रांचा गुरुदीक्षाविधी झाला तेव्हा त्यांनी बाहेर पडलेल्या प्रत्येकाचा पत्ता शोधून निमंत्रण धाडले आणि आम्हाला आपल्या घरच्या माणसांबरोबर पुढे बसवले. आमचा स्नेहमेळावा तिथून सुरू झाला. त्या दिवशी त्यांनी आम्हाला बोलावले नसते तर आम्ही आपणहून गेलो असतो, असे मला वाटत नाही. बाहेर पडलेल्याच्या मनात एक संकोच कायम असतो, आणि तो दूर करणे आत राहिलेल्यालाच शक्य असते.

आता आजीविषयी. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाला की मुले हात जोडून वडीलधाऱ्यांकडे आशीर्वाद मागतात, हे तू रोज करतेस. पाद्री झाला म्हणून कुणी आईचा मुलगा असायचा थांबत नाही. पण आजीच्या बाबतीत आणखीही एक गोष्ट आहे. पालकांच्या भेटीच्या रविवारी ती म्हापशाहून बस बदलत राशोलपर्यंत येई, आणि डब्यात वसईच्या पद्धतीचे तळलेले फुगे माझ्यापुरते नव्हे, तर ज्यांचे आईवडील काणकोण-केप्यासारख्या लांबच्या गावांहून येऊ शकत नसत त्या सगळ्यांना पुरतील इतके आणी. त्या मुलांशी ती वसईच्या मराठीत बोले, ती मुले कोकणीत उत्तर देत, आणि कुणाचे काही अडत नसे.

पूर्वी एक सुंदर प्रथा होती. गुरुदीक्षेच्या वेळी नव्या पाद्रीच्या तळहातांना पवित्र तेलाचा अभिषेक होई आणि ते हात ज्या कापडाने बांधत ते तो आपल्या आईला देई. आई ते जपून ठेवी, आणि ती गेली की ते तिच्याबरोबर शवपेटीत ठेवत. तुझ्या आजीने अशा कापडाची वाट पाहिली होती. मी घरी आलो तेव्हा ती एक शब्दही बोलली नाही, मला जेवायला वाढले आणि दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मिस्सेला गेली. माझ्या मित्रांना हे ठाऊक आहे. ते तिच्यापुढे वाकतात तेव्हा केवळ म्हाताऱ्या माणसाचा मान राखत नाहीत. जिचा मुलगा परतला, त्या आईला ते आपले पुत्रपण देतात. कोणाला हे जास्तीचे वाटेल. मला ते अगदी योग्य वाटते.

नावे वाचण्याच्या बाबतीत आमच्या बॅचचा एक नियम आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. साळगावला पहिल्या दिवशी हजेरीपटावर ज्या क्रमाने नावे होती त्याच क्रमाने ती वाचली जातात, आणि कुणाच्याही नावामागे 'फादर' लावत नाहीत. पॅरिशची सेवा करता करता गेलेला पाद्री, आखातात हृदयविकाराने गेलेला मेकॅनिक आणि दोन लहान मुलांना मागे ठेवून गेलेला शिक्षक एकाच यादीत, एकाच मानाने उच्चारले जातात. प्रत्येक नावानंतर थोडा वेळ शांतता असते. त्यानंतर ज्याला त्या मित्राविषयी काही सांगायचे असेल तो सांगतो, आणि तेही खरे सांगायचे असते, उगाच गौरव करायचा नसतो.

यादीतला एक जण डिचोलीकडचा होता आणि मराठी शाळेत शिकलेला होता. इंग्लंडमधून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोललाच छापले गेले, आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा तो मराठी ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या गोव्याच्या चर्चमधून वाचला गेला, हे मला पहिल्यांदा त्याने सांगितले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम काढला, तरी लोकांच्या तोंडून त्या ओव्या गेल्या नाहीत, हेही तोच सांगे. जेथे ते अक्षर छापले गेले त्या आवारात आपण राहतो, याचे त्याला मनापासून अप्रूप होते, आणि फुटबॉलच्या मैदानावरून परतताना तो ओव्या म्हणत चाले. त्याचे नाव वाचून झाले की शांततेनंतर कुणीतरी त्यातल्या एकदोन ओव्या म्हणतो. बहुतेकांची मराठी अडखळते, पण ते म्हणतात. परवा म्हणताना ज्यांना तू ऐकलेस, ते फादर शाळेत कधीही मराठी शिकलेले नाहीत.

म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. मृतांसाठी मिस्सा अर्पण करणे, २ नोव्हेंबरला कबरी साफ करून मेणबत्त्या लावणे, त्यांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून नोव्हेंबरभर प्रार्थना करणे हे सर्व ख्रिस्तसभेचे आहे, आणि जगात सर्वत्र आहे. राशोलशी या स्मरणाचे नाते तर जुनेच आहे. हणजूणचे फादर आग्नेल १९१८ पासून तिथे आध्यात्मिक मार्गदर्शक होते, २० नोव्हेंबर १९२७ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले, आणि १९३९ साली त्यांचे अवशेष पिलारला नेले गेले. त्यांच्या हाताखाली घडलेल्या पाद्र्यांनी त्यांची आठवण गावोगावी पोहोचवली. पण एखाद्या घरात लग्न ठरले की आधी त्या घरातल्या मृतांच्या नावाने गोरगरिबांना जेवू घालायचे, ही गोव्यातल्या ख्रिस्ती घरांची जुनी चाल मात्र रोमहून आलेली नाही. ती या मातीतली आहे. शेजारच्या काकूंकडे भाद्रपदात म्हाळ असतो तेव्हा तू पाहिले असशील की, वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे घेतली जातात. महालयात नातलगांबरोबर गुरू, शिष्य आणि मित्र यांचेही स्मरण करतात, हे मला काकांनीच सांगितले होते. त्यांची श्रद्धा आणि आपली श्रद्धा एक नाही, आणि ती एकच आहे असे मी तुला सांगणार नाही; काका पिंड देतात, आपण मिस्सा मागतो, आणि मरणापलीकडे काय आहे याविषयी आपले म्हणणे वेगवेगळे आहे. पण रक्ताचे नाते नसलेल्या मित्राचेही ऋण असते आणि ते त्याचे नाव घेऊन, कुणाला तरी जेवू घालून फेडायचे असते, हे दोन्ही घरांत सारखेच मानले जाते. आजीने वसईत जे पाहिले तेही याहून फार निराळे नाही.

मी यंदा येऊ शकलो नाही, याचे मला वाईट वाटते. त्या शुक्रवारी इथे मस्कतमधल्या रुवीच्या चर्चमध्ये मी त्याच नावांसाठी मिस्सा अर्पण करवली, आणि यादी क्रमाने मनात म्हटली.

आता तुझ्याकडे एक काम सोपवतो. यादीची जुनी वही आजीच्या कपाटात वरच्या खणात आहे. त्यात मेळाव्यात नव्याने वाचलेले नाव अजून लिहिलेले नाही. दिवाडीचे फादर पुढच्या आठवड्यात आजीला कम्युनियन द्यायला येतील तेव्हा त्यांना विचारून ते योग्य क्रमावर लिही, आणि त्या मित्राच्या घरी वर्षाची मिस्सा कधी आहे तेही विचार. त्याची आई एकटी राहते. मला सुट्टी मिळाली नाही, तर आजीला घेऊन तू जा, आणि जाताना काहीतरी करून ने. काय करायचे ते आजी सांगेल.

तुझा,
बाबा