वाचकांचे प्रश्न : गावची टॉकीज टीव्हीने बंद पाडली का?

प्रश्न : माझे मामा देवास जिल्ह्यातील एका लहान गावच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज बंद पडली त्याचा दोष घरातील सगळे टीव्हीला देतात. मामांना ते मान्य नाही. खरे कारण कोणते?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : मामांचे म्हणणे रास्त आहे. लहान गावची टॉकीज उशिरा येणाऱ्या चित्रपटांवर जगत असे. प्रिंट, म्हणजे चित्रपटाची रिळांवरची प्रत, महाग, म्हणून मोजक्याच निघत; वितरणाचे मोठे केंद्र असलेल्या इंदुरात गर्दी ओसरली की त्याच प्रिंटच्या पेट्या पुढे लहान गावांकडे जात. ओरखडे पडलेली, जागोजागी जोडलेली ती रिळे कित्येक महिन्यांनी पोहोचली, तरी गावाला चित्रपट नवाच असे, कारण तो पाहण्याची दुसरी सोयच नव्हती.

अशी जुनी प्रिंट नीट दाखवणे हे मामांचे कसब. 35 मिलिमीटरचे 1,000 फुटांचे रीळ सुमारे 11 मिनिटे चालते. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमके, तेव्हा दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची आणि पुढचा ठिपका दिसताच चित्र तिकडे वळवायचे. प्रोजेक्टरला प्रकाश देणाऱ्या, जळून झिजणाऱ्या कार्बनच्या कांड्यांमधील अंतरही सतत सांभाळावे लागे. ते वाढले की ज्योत विझून पडदा काळा होई. रीळ बदलल्याचे प्रेक्षकांना कळले नाही, तर काम चोख झाले.

1982 मध्ये रंगीत दूरदर्शन आले, परंतु त्यावर दाखवले जाणारे चित्रपट बहुधा जुने असत. खरा घाव व्हिडिओने घातला, कारण प्रिंटच्या आधी कॅसेट गावात येऊ लागली आणि उशिरा येणाऱ्या चित्रपटाचे नवेपण संपले. पुढे उपग्रहाद्वारे डिजिटल प्रक्षेपण आल्यावर लहान गावालाही शहराबरोबर त्याच शुक्रवारी चित्रपट मिळू शकला. मात्र तोवर सर्वत्र एकदम प्रदर्शन आणि पहिल्या तीन-चार दिवसांत वसुली, अशी धंद्याची रीत झाली होती. थोड्या वस्तीच्या गावाला ती परवडणारी नव्हती, आणि मोडक्या खुर्च्या व जुना ध्वनी बदलण्याइतकी शिल्लकही बहुतेक मालकांकडे उरली नव्हती.

मामांच्या आठवणी अवश्य लिहून घ्या. कोणता चित्रपट इंदूरनंतर किती आठवड्यांनी गावात आला, हे आधी विचारा.