घरच्या घरी कारचा क्लच बदलता येतो का? किती वेळ लागतो?

येतो, मी बदलला आहे. मात्र गिअरबॉक्स उतरवणे हे अर्धेच काम असून खरी परीक्षा तो परत चढवताना होते.

आमची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी होती. मी आणि माझे थोरले बंधू असे दोघे कामाला लागलो आणि ॲक्सल काढून संध्याकाळपर्यंत गिअरबॉक्स खाली घेतला. जुनी क्लच प्लेट रिबिटांपर्यंत झिजली होती. नवी प्लेट मधोमध बसवण्यासाठी सेंटरिंगचे साधन वापरावे, असे मी सुचवले; त्यावर, ती नवशिक्यांची कुबडी आहे, प्लेट नजरेने बसवता येते, असे दादांनी ठणकावले. प्रेशर प्लेटचे, म्हणजे क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या जड चाकावर) दाबून धरणाऱ्या तबकडीचे, बोल्ट आवळले की क्लच प्लेट जिथल्या तिथे जखडली जाते आणि ती थोडी जरी सरकलेली असेल, तरी गिअरबॉक्सचा दांडा तिच्या मधल्या भोकात शिरत नाही आणि गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण टेकत नाही. आमची बोटभर फट काही केल्या मिटेना. तेव्हा बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून घेण्याचा मार्गही दादांनीच सुचवला आणि दमलेला असल्यामुळे मी तो मानला. फट मिटली, पण इंजिन चालू असताना पहिला गिअर पडेना, कारण प्लेटचा मधला भाग वाकला होता व क्लच सुटतच नव्हता, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळे होत नव्हते. सारे पुन्हा उतरवावे लागले. दुसऱ्या खेपेस सेंटरिंगचे साधन वापरले आणि गिअरबॉक्स हाताच्या रेट्याने जागेवर गेला. प्लेटच सदोष होती, असे दादा आजही म्हणतात. सदोष प्लेट बोल्ट आवळण्याची वाट पाहून वाकत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगावे.

वेळेचे म्हणाल, तर पहिल्या खेपेस दोन पूर्ण दिवस हाताशी ठेवा. केवळ क्लच प्लेट बदलून थांबू नका. प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) त्याच वेळी बदला, नाहीतर बेअरिंगच्या आवाजापायी हाच खटाटोप पुन्हा करावा लागेल. प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे येते, हे तिच्यावरील खूण पाहून ठरवा, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे घेत थोडेथोडे आवळा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: गाडी नुसत्या जॅकवर उभी असताना तिच्याखाली शिरू नका, भक्कम घोड्या (जॅक स्टँड) लावा. तसेच गिअरबॉक्स एकट्याने छातीवर पेलण्याच्या फंदात पडू नका. तेवढ्यापुरते दादा हवेतच.