दोन दिनार, तीन भाकरी, एक करडू

"नाही म्हटलं तर प्रभू मला काय म्हणेल?" ख्रिस्ती कुटुंबांबरोबर काम करताना हा प्रश्न वारंवार कानावर येतो. विचारणारे बहुधा मंडळीतले, म्हणजे चर्चच्या समुदायातले, सगळ्यांत कामसू लोक असतात. रविवारची शाळा त्यांच्याकडे, आजाऱ्यांच्या भेटी त्यांच्याकडे, कुणाच्या घरी दुःख झालं की पहिला डबा त्यांच्याच घरून. आळशी माणूस हा प्रश्न घेऊन येत नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. त्यानं चेहऱ्यावरचा निम्मा ताण उतरतो.

पुढची हकिगत एका व्यक्तीची नाही. सारखीच तक्रार घेऊन आलेल्या अनेकांची, ओळखीच्या खुणा पुसून एकत्र केलेली आहे. सांगायला सोपं जावं म्हणून ती एका भगिनीची म्हणून सांगते.

त्या नोकरी करायच्या. घरी नवरा आणि दोन वाढती मुलं. मंडळीतल्या एका एकट्या वृद्ध बाईंचं मांडीचं हाड मोडलं, तेव्हा यांनी "मी आहे ना" म्हटलं आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ फेऱ्या सुरू झाल्या. नात्यातला एक तरुण दर महिन्याला उसने पैसे मागायचा आणि परत करायचा नाही. रात्री झोप नाही, दिवसा मुलांवर ओरडणं, आणि ओरडल्यानंतर प्रार्थनेला बसायचीही लाज.

"ताई, चांगल्या शोमरोन्याचा दाखला वाचला की मला धडकी भरते. त्यानं सगळं केलं. मी एक फोन टाळला तरी वाटतं, मी त्या याजकासारखी दुसऱ्या बाजूनं निघून गेले."

"त्यानं सगळं केलं, असं कुठं लिहिलंय?"

येशूच्या या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, लुटारूंनी मारून रस्त्यात टाकलेल्या माणसाला पाहून एक याजक, म्हणजे पुरोहित, बाजूनं निघून जातो; परका मानलेला एक शोमरोनी प्रवासी मात्र थांबतो. त्यांनी बायबलमधलं शुभवर्तमान उघडलं. लूक, दहावा अध्याय, 33 ते 35 वचनं. मी हातात पेन्सिल दिली आणि त्याच्या प्रत्येक कृतीला आकडा घालायला सांगितला. त्यानं पाहिलं, त्याला कळवळा आला, तो जवळ गेला. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, त्या रात्री काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन दिनार काढून रक्षकाला दिले, त्याला काम सोपवलं आणि परत येईन म्हणून सांगितलं.

"आता त्यानं काय केलं नाही ते सांगा."

याला वेळ लागला. मग एकेक गोष्ट आली. तो लुटारूंच्या मागे धावला नाही. जखमी माणसाला स्वतःच्या घरी नेलं नाही. तो बरा होईपर्यंत उतारशाळेत मुक्काम ठोकला नाही. आपला प्रवास रद्द केला नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. म्हणजे यानं दोन दिवसांची कमाई दिली. खरी, जाणवेल अशी रक्कम, पण अख्खी थैली नव्हे. "जास्त खर्च झाला तर परत येताना देईन" हे वचनही आहे, त्याचा हिशेब मात्र परतीच्या वेळी व्हायचा होता.

मर्यादा म्हणजे कंजूषपणा, असं कुणाला वाटू नये म्हणून तो रस्ताही ध्यानात घ्यायला हवा. यरुशलेम ते यरीहो सुमारे 27 किलोमीटरांत वाट जवळजवळ हजार मीटर खाली उतरते, दोन्ही बाजूंना ओसाड डोंगर. तिथं थांबणं म्हणजे जीव धोक्यात घालणं होतं. तो थांबला, आणि तरीही दुसऱ्या दिवशी निघाला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसानं केल्या.

प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीननं या दाखल्यात उतारशाळेला मंडळी आणि तिच्या रक्षकाला प्रेषित मानलं. ते वाचन उपदेशाला शोभतं. समुपदेशनाच्या खोलीत मात्र रक्षक हाडामांसाचाच राहिलेला बरा, कारण थकलेल्या माणसाला अशा एका रक्षकाच्या नावाचीच गरज असते: हे काम मी सोपवू कुणाला?

म्हणून आम्ही वृद्ध बाईंची कामं कागदावर वेगळी केली. सकाळची आंघोळ, दोन वेळचं जेवण, औषधं, महिन्यातून एकदा डॉक्टर. यांतलं एकही काम असं नव्हतं, की ते याच भगिनींनी केलं तरच होईल. आंघोळीसाठी पगारी बाई ठरली. खर्च मंडळीच्या मदतनिधीतून आणि बाईंच्या पुतण्याकडून; त्या पुतण्याला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. दुपारचं जेवण शेजारच्या घरून येऊ लागलं. या भगिनींकडे मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ राहिली, एकेक तास.

सोपवण्यात लोक कुठं फसतात, तेही सांगते. "जरा लक्ष ठेवा हं" असं मोघम सांगितलं, तर कुणीच लक्ष ठेवत नाही. कोणतं काम, कोणत्या वेळी, किती दिवस, हे बोलावं लागतं. ज्याला काम दिलं त्याचा खर्च कोण देणार, हे ठरलं नाही तर तो महिन्याभरात गळतो. परत कधी येणार ते सांगितलं नाही, तर आजारी माणसाला टाकून दिल्यासारखं वाटतं. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे काम सोपवून दिवसातून चार वेळा फोन करणं. शोमरोनी दाराआडून डोकावत बसला नव्हता.

उसने मागणाऱ्या तरुणासाठी दुसरा दाखला लागला: लूक 13 मधलं फळ न देणारं अंजिराचं झाड. मालक तीन वर्षं वाट पाहून म्हणतो, तोडून टाक. माळी एक वर्ष मागून घेतो, पण नुसतं वर्ष नव्हे. सभोवती खणीन, खत घालीन, म्हणतो. मुदतीबरोबर मेहनतही येते. भगिनींनी त्याला सांगितलं की सहा महिने रोख मिळणार नाही. त्याऐवजी दर शनिवारी अर्धा तास त्याच्या खर्चाची वही बरोबर पाहायची आणि कामाचे अर्ज भरायचे. तो दोन शनिवार आला आणि मग यायचा थांबला. या दाखल्यातही झाडाला फळ आलं की नाही, ते येशू सांगत नाही.

पैशांची मर्यादा किती, असं अनेक जण विचारतात. महिन्याला 25 दिवस काम धरलं तर दोन दिवसांची कमाई म्हणजे आठ टक्के. नियमित दानाव्यतिरिक्त अचानक उद्भवणाऱ्या मदतीसाठी सुरुवातीला एवढी रक्कम बाजूला ठेवून पाहायला हरकत नाही. हा नियमशास्त्राचा नवा कलम नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्यानं कमी ठेवावी, ज्याला अंगावर ओरखडाही उठत नाही त्यानं वाढवावी.

एवढं झाल्यावर कामं खरोखर निम्मी झाली. राग मात्र होता तेवढाच.

अशा वेळी विश्रांती घ्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझं मत वेगळं आहे. दमलेल्या माणसाला विश्रांती पुरते. मनात हिशेब ठेवणाऱ्याला ती पुरत नाही, उलट हिशेब करायला मोकळा वेळ मिळतो. मी लूक 15 मधला उधळ्या मुलाचा दाखला काढायला सांगितला. धाकटा मुलगा वाटणी उधळून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी करतो; तो भाग सोडून, 25 व्या वचनापासून. थोरला मुलगा शेतावरून येतो, घरात गाणंबजावणं चाललंय, तो आत जात नाही. बाप बाहेर येतो, तेव्हा म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, पण मित्रांबरोबर मजा करायला तुम्ही मला कधी करडूही दिलं नाही.

त्या वाचता वाचता म्हणाल्या, "बरोबरच आहे त्याचं."

"त्यानं करडू मागितलं होतं?"

त्यांनी पुन्हा वाचलं. वरून खाली, मग उलट.

"तसं लिहिलेलं नाही."

"तुम्ही मागितलंय? घरात, कुणाकडे?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत, आणि मीही ती शांतता मोडली नाही. मग म्हणाल्या, "मागायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नाही. मला वाटायचं, माझं प्रेम असेल तर त्यांना दिसेलच की."

मला विचाराल तर सगळ्या भेटींचं सार या एका वाक्यात होतं. कळवळा आटतो तो फार दिल्यानं, असं आपण समजतो. मला दिसतं ते असं की, मागणं बंद झालेल्या घरात तो आधी आटतो. बाप थोरल्याला काय म्हणतो? माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. करडू गोठ्यातच होतं.

त्यांनी घरी जाऊन मागून पाहिलं. पुढच्या भेटीला रागावूनच आल्या. "मी म्हटलं, या घरात कुणाला माझं काही पडलेलंच नाही. नवरा उठून बाहेर गेला."

मी लूक 10 पुन्हा उघडायला सांगितलं. शोमरोन्याचा दाखला 37 व्या वचनाला संपतो. 38 व्या वचनात मार्थाचं घर: येशू पाहुणा आलाय, बहीण त्याच्यापाशी बसून ऐकतेय, मार्था एकटी राबतेय. "जा आणि तसंच कर" या आज्ञेला खेटूनच लूकनं धावपळीनं त्रासलेल्या बाईची गोष्ट ठेवली आहे. मार्था बहिणीशी बोलत नाही, येशूला म्हणते: प्रभू, तुम्हाला याचं काहीच वाटत नाही का? तिला मदत करायला सांगा. तिला मदत हवी होती. तिच्या तोंडून निघाला तो आरोप, आणि तोही तिसऱ्याकरवी. थोरला मुलगाही आत जाऊन विचारत नाही, चाकराला बोलावून विचारतो.

मागणं कसं असतं, ते लूक 11 मध्ये पानभर पुढेच आहे. मध्यरात्री दार ठोठावणारा म्हणतो: मित्रा, मला तीन भाकरी उसन्या दे, माझा मित्र प्रवासातून आलाय, त्याच्यापुढं वाढायला माझ्याजवळ काही नाही. हा दाखला प्रार्थनेविषयी आहे, हे मान्य. पण घरातल्या संवादासाठी याहून नेटकं वाक्य मला सापडलेलं नाही. ज्याच्याकडे वस्तू आहे त्यालाच विचारलंय, किती ते सांगितलंय, कारण एका ओळीत दिलंय. तू माझा मित्र कसला, असं कुठंही नाही.

आम्ही तसंच वाक्य तयार केलं, आणि ते मोठ्यानं दोनदा म्हणून घेतलं. "अहो, मंगळवारी आणि शुक्रवारी साडेसातला मुलांचं जेवण तुम्ही वाढाल का? मी त्या बाईंकडे जाऊन साडेआठला येते." नवरा म्हणाला, "बरं. मला वाटायचं, तुला हे सगळं आवडतं म्हणून करतेस." आधीची वर्षं दोघंही खोटं बोलत नव्हते. मोठा मुलगा भांडी घासायचं कबूल करून विसरायचा. त्याला दर वेळी आठवण करावी लागली, आणि तीही टोमणा न मारता. हे शिकायला त्यांना सोपवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

दोन प्रसंगी मात्र ही पद्धत अशीच्या अशी वापरू नका. पहिला, जिथं आत्ता रक्त वाहतंय: घरात मारहाण, लेकराचा छळ, जीव द्यायची भाषा. तिथं वार ठरवायचे नसतात. त्याच रात्री जायचं, पण एकट्यानं नाही. डॉक्टर किंवा पोलीस यांना बोलवायचं, आणि "कुणाला सांगू नकोस" असं वचन मागितलं तर ते द्यायचं नाही.

दुसरा प्रसंग घरातच अंथरुणाला खिळलेल्या माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांचा. दुसऱ्या दिवशी निघून जायची सोय त्यांना नाही. अशा कुटुंबात मी भूमिका बदलून मांडते: तुम्ही शोमरोनी नाही, तुम्ही उतारशाळेचे रक्षक आहात. रक्षक फुकट राबला नाही. त्याला आगाऊ दोन दिनार मिळाले आणि वरचा खर्च मागण्याचा हक्कही मिळाला. तेव्हा दूर राहणाऱ्या भावंडांकडे तीन गोष्टी मागा: औषधांच्या खर्चातला ठरलेला वाटा, आठवड्यातला एक पूर्ण मोकळा दिवस, आणि ते स्वतः येऊन राहतील त्या दिवसांची तारीख. "येऊ कधीतरी" असं उत्तर आलं, तर तारीख सांगेपर्यंत फोन ठेवू नका.