इंजिन बसवलं, पण ऑटोमॅटिक गाडी गिअरच घेईना?

भाऊ, लगेच गिअरबॉक्स खोलायला बसू नका. इंजिन काढून बसवल्यावर पुष्कळदा दोष बाहेरच सापडतो.

आधी अर्थिंगची वायर अन् गिअरबॉक्सवरचे सॉकेट पाहा. एखादं अर्धवट बसलं तरी गाडी एकाच गिअरात अडकू शकते. मग गिअरची केबल. मग गिअरबॉक्सचं ऑइल. कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय तेच टाका, इंजिनचं उरलेलं बिलकुल नाही. जळका वास आला तर थांबा.

इंजिन अन् गिअरबॉक्स जोडताना मधे फट राहिली म्हणून बोल्ट आवळून ती मिटवली काय? मग टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) नीट बसला नसेल. आता सेल्फ मारूच नका, गिअरबॉक्सचा ऑइल पंप फुटू शकतो.

अन् ट्रॅक्टरला दोर बांधून अमरावतीला नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आतलं सगळं कोरडं घासतं. सरळ टेम्पोवर चढवा.