झ्यूल ब्लॉकवर लिहिताय? फॉर्मवर नाव पूर्ण लिहा

एमएच्या प्रोजेक्टसाठी झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचं आयुष्य नि करिअर लिहिताय, आणि त्याच्या मराठीवरच्या ग्रंथाचं साल कुठे १९१४ तर कुठे १९२० दिसतंय म्हणून वैतागलात. वाचून हसूच आलं, पंधरा वर्षांपूर्वी मी पण इथेच अडकले होते. दोन्ही बरोबर आहेत हो. प्रबंध १९१४ चा, मग महायुद्ध लागलं आणि पुस्तक यायला १९२० उजाडलं. तळटीपेत दोन्ही द्या.

माझी घोडचूक वेगळीच. एका परदेशी लायब्ररीतून झेरॉक्स मागवताना फॉर्मवर लिहिलं काय, तर "ब्लॉक, भाषाशास्त्रज्ञ, पॅरिस, व्युत्पत्ती". दीड महिन्यानं पाकीट आलं ते ऑस्कर ब्लॉकचं! तोही त्याच काळातला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ, १९३२ चा फ्रेंच व्युत्पत्तिकोश त्याचा. पन्नास पानं, पैसे आधीच भरलेले, आणि आत मराठीचा म नाही. मेल केली तर म्हणे मागणीप्रमाणे पाठवलंय, नवीन फॉर्म भरा, नवीन पैसे भरा. चूक माझीच, मान्य, पण "कोणता ब्लॉक?" एवढं विचारायला काय जात होतं त्यांचं? आणि झ्यूलच्या ग्रंथाचं परांजप्यांनी केलेलं मराठी भाषांतर, 'मराठी भाषेचा विकास', १९४१ चं, आमच्याच कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलेलं.

मी काही भाषाशास्त्रातली नाही, तुमच्या गाइडना विचारा, पण माझं मत विचाराल तर संस्कृतपंडित सिल्व्हाँ लेव्ही नि भाषाशास्त्रज्ञ मेये यांचा विद्यार्थी, १९३७ पासून पॅरिसच्या कोलेज द फ्रान्स या संस्थेत प्राध्यापक वगैरे दोन ओळीत उरका. माणूस मराठीवर थांबला नाही ते लिहा: १९३४ ला वेदांपासून आजपर्यंतच्या इंडो-आर्यन भाषांवर (संस्कृत, मराठी, हिंदीचं कुळ) ग्रंथ, १९४६ ला द्राविडी भाषांच्या रचनेवर, १९५० ला अशोकाचे शिलालेख, आणि गेला १९५३ ला.

मराठीवरच्या ग्रंथाच्या शेवटी शब्दांची व्युत्पत्तीसूची आहे, लोक ती उघडतच नाहीत. संस्कृतातल्या 'क्ष'चं मराठीत काय झालं ते बघा, क्षेत्रचं शेत, मक्षिकाची माशी, इक्षूचा ऊस, आणि हिंदीत तेच खेत, मक्खी, ईख. मी त्यात दोन रविवार घालवले, प्रोजेक्ट तसाच राहिला.

ऑस्करची ती पन्नास पानं पाठकोरी निघाली, मुलीने त्यावर चित्रं काढली.