अंडरडॉगवर पैसे लावू का? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न: ताई, मी कोथरूडला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपमधला एक जण म्हणतो की क्रिकेटमध्ये सगळ्यांना सगळं माहीत असतं त्यामुळे भाव बरोबर असतात, पण स्केटबोर्डिंग, बीएमएक्स (छोट्या सायकलवरच्या कसरती) वगैरे कोणी बघतच नाही आणि तिथे फेव्हरिट नेहमी पडतो, म्हणून प्रत्येक फायनलला सगळ्यात जास्त भाव असलेल्यावर, म्हणजे ज्याच्या जिंकण्याची आशा सगळ्यात कमी त्या अंडरडॉगवर, शंभर-शंभर लावत राहायचं, वर्षअखेर फायदाच. हे गणित बरोबर आहे का?

उत्तर: अरे, तुझ्या मित्राची पहिली गोष्ट खरी आहे, आणि मला ती मनापासून आवडते, म्हणून आधी तिच्याबद्दल बोलते. या खेळांत फेव्हरिट खरंच पडतात. टोकियोला २०२१ मध्ये स्केटबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आलं तेव्हा अमेरिकेच्या नायजा ह्यूस्टनचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं आणि तो सातवा आला. मुलींच्या पार्क प्रकारात (खोलगट वाडग्यासारख्या जागेतलं स्केटबोर्डिंग) मिसुगु ओकामोटो सुवर्ण नेणार असं धरून चालले होते, ती शेवटच्या रनमध्ये, म्हणजे शेवटच्या फेरीत, पडली आणि चौथी आली, आणि मग तिच्याच प्रतिस्पर्धी मुलींनी तिला खांद्यावर उचललं. तो प्रसंग ज्याने लाइव्ह पाहिला तो हा खेळ परत कधी सोडणार नाही असं मला वाटतं. बीएमएक्समध्ये ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन पहिल्या रनला पडली होती, समोर हॅना रॉबर्ट्सचे ९६.१० ठेवलेले, आणि हिने दुसऱ्या रनला महिलांच्या स्पर्धेत तोवर कोणी न मारलेला ३६० बॅकफ्लिप (सायकलसकट मागे कोलांटी आणि पूर्ण गिरकी) मारून ९७.५० घेतले आणि सुवर्ण नेलं.

पण पुढची उडी चुकली रे. "फेव्हरिट पडतो" याचा अर्थ "ज्याचा भाव सगळ्यात जास्त तो जिंकतो" असा होत नाही. स्केटबोर्डिंगच्या फायनलला आठ जण असतात, एक पडला तर उरलेल्या सातांपैकी कोणीतरी जिंकणार, आणि बहुतेक वेळा तो दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचा असतो, शेवटचा नाही. आता ह्यूस्टन पडला तेव्हा सुवर्ण कोणी नेलं, तर जपानच्या युतो होरिगोमेने. त्याला अंडरडॉग म्हणणाऱ्यांनी एवढंच बघायचं की त्याच वर्षी जूनमध्ये रोमला जागतिक स्पर्धेत त्याने ह्यूस्टनला हरवलं होतं. माहिती उघड्यावर पडलेली होती.

आता भावाचं बघ, वहीत मांडून बघ. समज आठ जणांचे भाव असे आहेत: २.२, ४.५, ६, ९, १३, १७, २६, ३४. भाव १३ म्हणजे शंभर लावले तर तेराशे परत, म्हणजे तेरात एकदा जिंकला तर तू जेमतेम बरोबरीत, टक्क्यात ७.७. असं प्रत्येकाचं १०० भागिले भाव काढ आणि बेरीज कर. खरं तर कोणीतरी एकच जिंकणार म्हणून बेरीज १०० यायला हवी, पण इथे येते जवळपास ११६. ते वरचे सोळा बुकीचे. आणि ते सोळा आठही जणांवर सारखे पसरलेले नसतात, जास्त भाववाल्यांवर ते जास्त चढवलेले असतात, कारण लोकांना थोडक्यात खूप मिळण्याची हौस असते आणि पैसा आपोआप तिकडे जातो. घोड्यांच्या शर्यतीत हे १९४९ सालीच अभ्यासात दिसलं होतं, फेव्हरिटच्या मानाने लाँगशॉटवर, म्हणजे जास्त भाववाल्यावर, लावणाऱ्याचं नुकसान जास्त. आपल्याकडे पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर वर्षानुवर्षं जाणाऱ्या एखाद्या काकांना विचार, ते अभ्यास न वाचता हेच सांगतील.

म्हणजे १३ भाववाल्याची खरी शक्यता समज ५ टक्के आहे. शंभर वेळा शंभर लावलेस, दहा हजार गेले, पाच वेळा जिंकलास, साडेसहा हजार आले. साडेतीन हजारांचा खड्डा. आणि समजा भाव अगदी प्रामाणिक असला, तेरात एक म्हणजे तेरात एकच, तरी सलग वीस वेळा हरण्याची शक्यता पाचात एक आहे. विसाव्या हारेनंतर माणूस शंभरच लावतो असं तुला वाटतं का? तिथे पाचशे होतात, मग दोन हजार. तुझ्या मित्राच्या गणितात हे कुठेच धरलेलं नाही.

"कोणी बघत नाही म्हणून भाव चुकतात" हे कधीकधी खरं असतं. पण मग ते चुकलेले भाव ओळखणारा माणूस रोज क्वालिफायर बघणारा असायला लागतो, ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणारा नाही. आणि पैशाचा प्रश्न त्याच्याही आधी कायद्यापाशी अडतो, ते खालच्या एका पत्रात लिहिलंय, तेही वाच.

प्रश्न: नमस्कार ताई, मी औंधची, पैसे वगैरे काही लावत नाही, फक्त बघायला आवडतं. यातल्या कुठल्या खेळात उलथापालथ जास्त होते आणि ती आधी ओळखायची कशी?

उत्तर: किती छान प्रश्न विचारलास गं. सगळं फॉरमॅटवर आहे. पार्कमध्ये ४५ सेकंदांचे तीन रन आणि त्यातला सगळ्यात चांगला एकच धरतात, पडलं की तो रन तिथेच संपल्यासारखा. म्हणजे दोनदा पडलेला माणूस तिसऱ्यांदा जिंकू शकतो, पण तीनदा पडला तर कितीही मोठा असो, गेला. तरी बघ, ऑस्ट्रेलियाचा कीगन पामर टोकियोलाही जिंकला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकलाही, तेव्हा हा नुसता नशिबाचा खेळ आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस.

स्ट्रीटला (रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांसारख्या अडथळ्यांवरचा प्रकार) पॅरिसमध्ये दोन रन आणि पाच ट्रिक होत्या, त्यातला चांगला एक रन आणि चांगल्या दोन ट्रिक धरायच्या. इथे शेवटच्या ट्रिकपर्यंत काहीही होतं, आणि याचं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे पुन्हा होरिगोमेच. त्याचा रन ८९.९०, पहिली ट्रिक ९४.१६, आणि मग दुसरी गेली, तिसरी गेली, चौथी गेली. एकच ट्रिक खात्यात, म्हणजे पदकाच्या कुठेच जवळ नाही. पाचवी लागली, ९७.०८. बेरीज २८१.१४. जॅगर ईटनचे २८१.०४. दशांश एक गुणाने सुवर्ण! आता यात ओळखण्यासारखं काय होतं, तर तो पॅरिसला पोचलाच मुळी शेवटच्या क्षणी, जपानमध्ये इतकी गर्दी आहे की त्याची जागा जवळपास गेली होती, आणि जूनमध्ये बुडापेस्टची शेवटची पात्रता स्पर्धा जिंकून तो आत आला. रँकिंग बघणाऱ्याला तो खाली दिसला, बुडापेस्ट बघणाऱ्याला तो वर दिसला. म्हणून मी नेहमी सांगते की वर्षाच्या क्रमवारीपेक्षा शेवटच्या दोन स्पर्धा बघ, आणि त्यातही कोणती ट्रिक तो सारखी मारतोय आणि कोणती राखून ठेवतोय ते बघ, ज्याच्या पोतडीत मोठी ट्रिक आहे तो शेवटच्या प्रयत्नापर्यंत जिवंत असतो.

बीएमएक्स फ्रीस्टाइलला फायनलमध्ये दोनच रन, त्यामुळे चूक फार महाग पडते. पॅरिसला टोकियोचा विजेता लोगन मार्टिन नववा आला आणि अर्जेंटिनाच्या होसे तोरेस हिलने ९४.८२ घेऊन सुवर्ण नेलं. मुलींमध्ये हॅना रॉबर्ट्स दोन्ही रनला पडली आणि चीनची देंग यावेन जिंकली.

सर्फिंगला तर समुद्रच प्रतिस्पर्धी असतो. पॅरिस ऑलिम्पिकचं सर्फिंग झालं ताहितीत, तेआहुपो या लाटेवर. ब्राझीलच्या गॅब्रिएल मेडिनाने एका फेरीत दहापैकी ९.९० घेतले, आणि तोच मेडिना सेमीफायनलला एकच लाट पकडू शकला, दुसरी आलीच नाही, आणि तिथे दोन लाटांचे गुण मिळून निकाल लागतो, त्यामुळे तो हरला. फायनलला जॅक रॉबिन्सनचंही तसंच झालं, पाणी सपाट झालं. जिंकला कोण, तर काउली वास्त, जो त्याच ताहितीचा, त्याच लाटेवर वाढलेला पोरगा. तेव्हा सर्फिंगमध्ये लाट कोणाच्या घरची आहे हे आधी विचारायचं. आणि स्केटबोर्डिंगमध्ये आधी हवामान बघायचं, पॅरिसला पुरुषांची स्ट्रीट पावसामुळे दोन दिवस पुढे गेली होती.

प्रश्न: ताई, सिंहगड रोडवरून लिहिते आहे, नाव छापू नका. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या मोबाइलवर बाहेरच्या देशातलं कुठलंतरी बेटिंग अ‍ॅप निघालं, आधी क्रिकेट, आता हे सायकलवरच्या उड्या आणि स्केटबोर्डवर पण लावतो म्हणे. परवा बँकेने त्याचं खातं गोठवलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. पोलीस पकडतील का त्याला?

उत्तर: ताई, आधी एक श्वास घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत, आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्या बँका-पेमेंट कंपन्यांनाही मनाई आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण म्हणून तो सुखरूप आहे असं नाही.

खातं गोठतं ते कसं, ते समजून घ्या म्हणजे पुढे काय करायचं ते कळेल. असल्या अ‍ॅपवर पैसे भरताना कंपनीच्या नावाचं खातं नसतं, कोणातरी अनोळखी माणसाचा यूपीआय आयडी येतो आणि तो दर वेळी बदलतो. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्याच खात्यांत कुठल्यातरी तिसऱ्याच राज्यातल्या फसवलेल्या माणसाचे पैसेही येतात, आणि तुमचा मुलगा "जिंकला" की त्याला त्यातलेच पैसे पाठवले जातात. तो फसवलेला माणूस तक्रार करतो, पोलीस पैशाच्या मागावर येतात, वाटेतली सगळी खाती गोठतात. मुलाने चोरी केलेली नसते, पण चोरीचा पैसा त्याच्या खात्यात येऊन गेलेला असतो.

तर आता बँकेत जा, शक्यतो मुलाला बरोबर घेऊन, आणि कुठल्या ठाण्याच्या, कुठल्या तक्रारीवरून आणि नेमकी किती रक्कम अडवली आहे हे लेखी मागा. अ‍ॅपचे सगळे व्यवहार, यूपीआय आयडी, चॅट यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याला सांगा की काहीही डिलीट करायचं नाही. मग वकिलाला दाखवून खरं काय ते सांगायचं, गोष्ट रचायची नाही. "खातं सोडवून देतो, पाच हजार पाठवा" असा मेसेज येईल, येतोच, त्याला उत्तर देऊ नका. कोणी असं फसवून पैसे घेतलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि ह्यांना सांगा. आजच सांगा. घरातल्या एकालाच माहीत आहे म्हटल्यावर मुलगा तुमच्याकडेच पैसे मागत राहतो आणि तुम्ही मंगळसूत्र मोडेपर्यंत देत राहता, अशी पत्रं माझ्याकडे येतात आणि वाचताना जीव तुटतो. त्याला किती हरलास हे विचारण्याआधी आता किती उसने घेतलेत हे विचारा, कारण लोन अ‍ॅपचे मेसेज हा पुढचा टप्पा असतो. मन हलकं करायला १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, ती मराठीतही बोलते, आणि सवय सुटत नसेल तर येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला फोन करून विचारा, त्यात कमीपणा काही नाही. खेळ बघणं मात्र बंद करू नका त्याचं. एकोणिसाव्या वर्षी इतक्या आडवळणाच्या खेळांत रस असणं चांगली गोष्ट आहे, फक्त त्यातला पैसा काढायचा आहे.

प्रश्न: पैसे नाही, तर मग आम्ही हॉस्टेलची पोरं अंदाज लावायची मजा कशी घ्यायची? नुसतं "हा जिंकेल" म्हणण्यात काही थ्रिल नाही. (शिवाजीनगर)

उत्तर: थ्रिल आहे, गुण बरोबर ठेवा फक्त. फायनलआधी प्रत्येकाने १०० गुण आठ जणांत वाटायचे. निकालानंतर जिंकलेल्याला तुम्ही दिलेले गुण १०० मधून वजा करून त्याचा वर्ग, आणि उरलेल्या प्रत्येकाला दिलेल्या गुणांचा वर्ग, सगळी बेरीज म्हणजे दंड. ज्याचा दंड कमी तो जिंकला. समजा एकाने फेव्हरिटला ७०, दुसऱ्याला २०, अंडरडॉगला १० दिले. फेव्हरिट जिंकला तर दंड १४००, अंडरडॉग जिंकला तर १३४००. दुसऱ्या मुलाने ४०, २०, अंडरडॉगला २०, आणि आणखी दोघांना १०-१० दिले तर फेव्हरिट जिंकल्यावर ४६०० आणि अंडरडॉग जिंकल्यावर ८६००. आणि जो जोशात सगळे १०० अंडरडॉगवर टाकतो त्याला फेव्हरिट जिंकल्यावर २००००. पाच-सहा स्पर्धा असं खेळा, कोण खरंच खेळ बघतो आणि कोण नुसतं बोलतो ते वहीत आपोआप दिसतं.

प्रश्न: ताई मी धनकवडीची, आठवीत आहे. मला स्केटबोर्ड शिकायचाय पण आई म्हणते आता उशीर झाला, बाकीच्या मुली सहाव्या वर्षापासून स्केटिंगला जातात. झालाय का उशीर?

उत्तर: नाही गं बाळा, अजिबात नाही. पॅरिसला पार्कमध्ये चीनची झेंग हाओहाओ अकरा वर्षांची होती हे खरं, पण त्याच पॅरिसला ब्रिटनकडून अँडी मॅकडोनाल्ड उतरला होता तो ५१ वर्षांचा. आणि आईला आपल्या पुण्यातलंच दाखव, वाघोलीची श्रद्धा गायकवाड, जिने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्ट्रीट स्केटबोर्डिंगचं सुवर्ण आणलं. रोलर स्केटिंगचे क्लास गल्लोगल्ली आहेत पण हा खेळ वेगळा आहे, तेव्हा क्लासला विचारताना "बोर्ड शिकवता का" हे स्पष्ट विचार. सुरुवातीला महागडा बोर्ड नको, चाकं मऊ घे कारण आपल्या रस्त्यांवरच्या खडीला कडक चाकं लगेच अडकतात. हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे गार्ड आधी, बोर्ड नंतर. आणि आईला सांग की पहिले काही आठवडे तू नुसती पडणार आहेस, मनगट वाचवून कसं पडायचं हेच तेव्हा शिकवतात.