द्वंद्वात मारामारी नसते

प्रश्न असा आला आहे : 'उत्क्रांतीबद्दलचे विचार द्वंद्वात्मक रीतीनं बदलत गेले, असं गावातल्या व्याख्यानात ऐकलं. म्हणजे शास्त्रज्ञ एकमेकांशी भांडत होते का?'

आधी उच्चार. 'द्वंद' नव्हे, द्वंद्व. शेवटचा व गिळणाऱ्यांनी मला वीट आणला आहे. मुळात शब्दाचा अर्थ दोन-दोन, जोडी. 'आईबाप' हा द्वंद्व समास. त्यात मारामारी कुठे? (घरात असेल, व्याकरणात नाही.) भांडण मागाहून चिकटलं.

दोन विरोधी विचारांतून तिसरा घडतो, त्या द्वंद्वात्मक रीतीला काही जाणकार 'विरोधविकास' म्हणतात. मला हा शब्द साफ नामंजूर आहे. विकास म्हणजे कळी उमलणं; आत होतं तेच बाहेर आलं, नवं काय घडलं? हिंदीनं तर उत्क्रांतीलाच विकास करून टाकलं. खुद्द 'इव्होल्यूशन'चं मूळही गुंडाळी उलगडण्यातच आहे. अठराव्या शतकात तो शब्द गर्भात आधीच तयार असलेला जीव उलगडतो, या मतासाठी वापरत. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत 'इव्होल्यूशन' नाहीच. त्याचं क्रियापद तेवढं अगदी शेवटच्या शब्दात आलं आहे.

आता आपला शब्द पाहा. उत् + क्रम्, बाहेर पाऊल टाकणं. ब्रह्मसूत्रांत उत्क्रांती म्हणजे जीवानं देह सोडून निघणं. मरणाऱ्याच्या हातून दान देतात ती गाय उत्क्रांतिधेनू. मरणाचा शब्द मराठीनं जीवसृष्टीच्या घडणीला लावला! कोणी म्हणेल योगायोग. मी म्हणतो, याहून नेमका शब्द सापडणार नाही.

पटत नसेल तर पऱ्हाटीच्या वावरात चला. बीटी कपाशी, म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्यानं अळीला मारणारं विष स्वतःच तयार करणारी, २००२ मध्ये आली; अशा दोन जनुकांची २००६ मध्ये. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, तेव्हा पारावर एकच वाक्य : 'अळीले आदत पडली.' अहो, आदत एकाही अळीला पडली नाही! विष बाधलं त्या उत्क्रांत झाल्या, जुन्या अर्थानं. नाही बाधलं त्या उरल्या, अंडी त्यांचीच. ही झाली नव्या अर्थाची उत्क्रांती.

हां, तुमचा प्रश्न. इंग्रज जीवशास्त्रज्ञ बेटसन म्हणे, सजीवांतला बदल उड्या मारत होतो. संख्याशास्त्रज्ञ पिअर्सन आणि प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन म्हणत, कणाकणानं. भांडण कडाक्याचं झालं, हे कबूल. पण १९१८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशरनं गणितानं दाखवलं की मेंडेलनं सांगितलेले आनुवंशिकतेचे अनेक सुटे घटक (आजची जनुकं) एकत्र आले की तोच कणाकणाचा बदल दिसतो. दोन्ही बाजू तिसऱ्या विचारात शिरल्या. द्वंद्वात्मक ते हे.

आणि जोडीचंच म्हणाल तर ४५० ग्रॅम बीटीच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याचं पाकीट यायचं. ते पेरलं असतं तर विष न पचवणाऱ्या अळ्याही जगल्या असत्या, आणि पचवणाऱ्यांच्या पतंगांशी त्यांच्या पतंगांच्या जोड्या लागल्या असत्या, म्हणजे विष पचवण्याचा गुण इतक्या लवकर पसरला नसता. कितीतरी कास्तकारांनी ते पाकीट धुऱ्यावर फेकलं.